कल्हई उडालेले पातेले आणि यकृताचा जमाखर्च

पूर्व विदर्भात भंडाऱ्याचे नाव निघाले की दोन गोष्टी ओघानेच आठवतात: एक धान आणि दुसरी पितळेची भांडी. भंडारा हे पितळी भांड्यांचे शहर म्हणून दूरवर ओळखले जाते. तेथील कारागिरांनी घडविलेले गुंड, कळश्या, तांबे, पराती आणि या भागात ज्यांना ‘गंज’ म्हणतात ती पातेली पिढ्यान् पिढ्या लेकींच्या आंदणात गेली. पवनी तालुक्यातील आसगावसारख्या धानपट्ट्यातील गावातही, मग घर शेतकऱ्याचे असो वा व्यापाऱ्याचे, मांडणीवरची पितळेची उतरंड हे घराच्या प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. कल्हईवाला वेशीजवळ भाता लावून बसला की घरोघरची भांडी त्याच्यापुढे जमत. नवसागराचा पांढरा धूर निघे, कथलाचा हात फिरे आणि काळवंडलेले भांडे आतून चांदीसारखे उजळे.

मध्यंतरी ही भांडी माळ्यावर गेली होती. आता ‘आरोग्यदायी’ म्हणून ती पुन्हा स्वयंपाकघरात येऊ लागली आहेत. मात्र कल्हईवाला पूर्वीसारखा दारोदार फिरत नाही, आणि ही भांडी माळ्यावर का गेली यामागचा एक महत्त्वाचा धडा नव्या पिढीला कोणी सांगितलेला नाही. तो धडा यकृताचा आहे. यकृत का वाढते आणि ते निरोगी कसे ठेवावे हे समजून घ्यायचे असेल, तर महाराष्ट्रातील या प्रकरणापासून प्रारंभ करणे उचित ठरेल.

बालकांचे ‘लिव्हर’

जुन्या पिढीतील आजींना विचारले, तर ‘अमक्याच्या घरची दोन मुले लिव्हरने गेली’ असे वाक्य हमखास ऐकायला मिळते. यातील ‘लिव्हर’ हा अवयव नव्हे, तो रोगाचे नाव झाला होता. वैद्यकशास्त्रात त्याला ‘भारतीय बाल-यकृतकाठिण्य’ म्हणतात. कलकत्त्यातून १८८७ साली त्याचे पहिले वर्णन नोंदविले गेले. साधारणतः सहा महिने ते पाच वर्षे वयाची, वरवर सुदृढ दिसणारी बालके चिडचिडी होत, भूक मंदावे, पोट फुगे आणि उजव्या बरगडीखाली यकृत दगडासारखे कठीण लागे. पुढे कावीळ आणि पोटात पाणी. कावीळ दिसू लागल्यानंतर बहुतेक बालके काही महिन्यांतच दगावत. एकाच घरातील एकामागून एक मुले जात, म्हणून कोणी कुळाला दोष देई, कोणी दृष्टीला, तर कोणी आईच्या दुधाला.

विशेष म्हणजे हा रोग अन्नान्नदशेतील घरांचा नव्हता. खाऊन-पिऊन सुखी, घरी दूधदुभते असलेल्या कुटुंबांत तो अधिक आढळे. उलगडा होऊ लागला तो १९७८ नंतर, जेव्हा या बालकांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा असल्याचे दिसून आले. निरोगी प्रौढ यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या बालकांत ते प्रमाण शेकड्यांत आणि अनेकदा हजाराच्याही पुढे गेलेले होते.

हे तांबे आले कोठून? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी बालकांच्या मातांना एक साधा प्रश्न विचारला: बाळाला वरचे दूध केव्हा सुरू केले आणि ते कोणत्या भांड्यात तापविले? १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणाचा रोख स्पष्ट होता. आजारी बालकांना गाई-म्हशीचे वरचे दूध फार लवकर सुरू झाले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून तेथेच ठेवलेले असे. १९८७ मध्ये निरोगी बालकांच्या आहाराशी केलेल्या तुलनेनेही याला दुजोरा मिळाला.

व्यापाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगायचे, तर हा जमाखर्चाचा प्रश्न होता. तांबे शरीराला अल्प प्रमाणात आवश्यकच असते. अन्नातून आलेले तांबे यकृतात जमा होते आणि जास्तीचे यकृत पित्तावाटे खर्ची टाकते. तान्ह्या बाळाची ही खर्चाची बाजू अद्याप पुरती कार्यक्षम झालेली नसते. आईच्या दुधात तांबे अत्यल्प असल्याने तेथे हिशेब जुळतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. कल्हई नसलेल्या पितळेत दूध तापवून ठेवले की त्यातील प्रथिने तांब्याला धरून ठेवतात आणि ते बाळाच्या पोटात जाते. रोज जमा, खर्च जवळजवळ नाही. काही महिन्यांत यकृताची तिजोरी विषाने भरते. अशी भांडी वापरणाऱ्या प्रत्येक घरात रोग झाला नाही, त्यामुळे काही मुलांत आनुवंशिक दुबळेपणाही असावा, असे तज्ज्ञ मानतात.

मात्र उपाय करण्यासाठी हे अखेरचे कोडे सुटण्याची वाट पाहावी लागली नाही. स्टीलची व ॲल्युमिनियमची भांडी घरोघर आली, आईच्या दुधावर भर दिला गेला, पितळेत दूध न ठेवण्याचा सल्ला घरोघर पोहोचला आणि १९९० च्या दशकापर्यंत हा रोग दुर्मीळ झाला. तांबे शरीराबाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषधही उपयोगी ठरले. काविळीपूर्वी उपचार सुरू झालेली अनेक बालके वाचली, उशिरा आलेल्यांना त्याचा लाभ फारसा झाला नाही. ऑस्ट्रियातील तिरोल प्रांतातही हुबेहूब हेच घडले होते. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच रोगाने दगावली. तेथे गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तयार केले जाई. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला.

म्हणून आज घरात पितळेची हौस पुन्हा येत असेल तर येऊ द्यावी, पण तिला काही अटी असाव्यात. तान्ह्या बाळाचे दूध पितळेत वा तांब्यात कदापि तापवू वा ठेवू नये. दही, ताक, कढी, चिंच, कोकम, लिंबू असे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात करू नयेत. कल्हई उडाल्यावर भांडे पुन्हा कल्हई होईपर्यंत बाजूला ठेवावे. आणि पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे.

‘यकृत वाढले आहे’ म्हणजे काय?

मोठ्या माणसांना ‘लिव्हर वाढले आहे’ हे वाक्य आज बहुधा सोनोग्राफीच्या कागदावर प्रथम भेटते. यकृत हा पोटातील सर्वांत मोठा घन अवयव. प्रौढाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते आणि उजव्या बरगड्यांआड दडलेले असते. अन्नातून आलेल्या साखरेचा साठा करणे, प्रथिने घडविणे, पित्त तयार करणे, रक्त गोठविणारे घटक बनविणे, औषधांचा व विषारी द्रव्यांचा निचरा करणे अशी शेकडो कामे ते निमूटपणे करते.

यकृतवृद्धी हा स्वतंत्र रोग नव्हे, ते लक्षण आहे. खातेवहीत एखादी रक्कम जुळत नसेल तर चूक कोणत्या पानावर आहे हे शोधावे लागते, तसेच येथे आहे. यकृतात चरबी साठणे, विषाणूजन्य कावीळ, मद्यपान, अमीबामुळे झालेले गळू, हिवताप, टायफॉइड, क्षयरोग, हृदय दुबळे झाल्याने यकृतात तुंबलेले रक्त, गाठी किंवा कर्करोग अशी अनेक कारणे संभवतात. पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचाही विचार करावा लागतो. त्यातही यकृत वाढू शकते आणि पित्ताशयात खडे होतात. उलट, बारीक बांध्याच्या किंवा फुप्फुसे फुगलेल्या व्यक्तीचे यकृत जागेवरून खाली सरकल्याने नुसते हाताला लागते, प्रत्यक्षात वाढलेले नसते. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी: यकृतकाठिण्याच्या अखेरच्या अवस्थेत यकृत आक्रसून लहान होते. त्यामुळे ‘आता वाढलेले दिसत नाही’ हे नेहमीच शुभवर्तमान नसते.

शाकाहारी घरातील मेदयुक्त यकृत

आजच्या व्यापारी कुटुंबांत यकृतवृद्धीचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे ‘फॅटी लिव्हर’, अर्थात मेदयुक्त यकृत. यकृतातील चरबीचे प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक झाले की त्याला हे नाव मिळते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मद्यपानाशी संबंध नसलेल्या या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात यावे.

‘आमच्या घरी मांस नाही, मद्य नाही, कंदमूळही नाही, मग चरबी कोठून?’ हा प्रश्न जैन घरांत स्वाभाविकपणे येतो. उत्तर दुकानाच्या गादीवर आणि फराळाच्या डब्यात आहे. सकाळी नऊ ते रात्री आठपर्यंतची बैठक, प्रत्येक ग्राहकाबरोबर साखरेचा चहा, शेव-चिवडा-खाकऱ्याची अखंड सोबत, मैद्याचे तळलेले पदार्थ, सणावारी मिठाई आणि बाटलीबंद गोड पेये. जास्तीच्या साखरेचे आणि मैद्याचे रूपांतर यकृत स्वतःच चरबीत करते. त्यासाठी ताटात मांस असावे लागत नाही.

‘मी तर सडपातळ आहे’ हा दुसरा भ्रम. त्याचेही उत्तर पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातूनच आले आहे. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही उंचीच्या प्रमाणातील वजनाचा अंक, म्हणजे बीएमआय, अगदी समान होता: २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर वरून बारीक दिसले तरी आतून मेद साठवते, हे त्यावरून जगाला कळले. म्हणूनच आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

मेदयुक्त यकृत दुखत नाही, हाच त्याचा मोठा धोका. बहुतेकांत ते आयुष्यभर तेवढ्यावरच थांबते. काहींत सूज येते, सुजेतून व्रण पडून तंतू तयार होतात आणि काहींची वाटचाल यकृतकाठिण्य व कर्करोगापर्यंत होते. मधुमेह असेल तर हा प्रवास जलद होतो. शिवाय अशा व्यक्तींना हृदयविकाराचा धोकाही अधिक असतो.

कागदावरचा एक हिशेब

यकृतात तंतू होत आहेत का, याचा पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीवरून बांधता येतो. त्याला ‘फिब-४’ म्हणतात. वयाला एसजीओटीच्या आकड्याने गुणावे. आलेल्या संख्येला प्लेटलेटचा आकडा (हजारांत) आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागावे. उदाहरणार्थ, वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ८० हजार. ५२ गुणिले ४८ म्हणजे २४९६. ६४ चे वर्गमूळ ८ आणि १८० गुणिले ८ म्हणजे १४४०. भागाकार १.७३.

हा अंक १.३ पेक्षा कमी असेल तर बहुधा चिंता नाही. वय ६५ च्या पुढे असल्यास ही मर्यादा २ मानतात. २.६७ च्या वर असल्यास यकृततज्ज्ञांना अवश्य भेटावे. मधल्या आकड्यासाठी डॉक्टर फायब्रोस्कॅन या वेदनारहित तपासणीचा सल्ला देतात. वरील उदाहरणातील गृहस्थ मधल्या गटात आहेत, म्हणजे त्यांनी कागद कपाटात ठेवून चालणार नाही. एसजीपीटी ‘नॉर्मल’ आले म्हणून यकृत निर्दोष आहे असे मानणेही चूक आहे. मेदयुक्त यकृत असलेल्या अनेकांचे हे आकडे मर्यादेतच असतात.

आचार आणि यकृत

यकृताइतका क्षमाशील अवयव दुसरा नाही. वेळीच सवय बदलली तर ते पूर्ववत होऊ शकते. वजन जास्त असणाऱ्याने ते ५ टक्क्यांनी उतरविले तरी यकृतातील चरबी कमी होते. ७ ते १० टक्के उतरविल्यास सूजही ओसरते आणि १० टक्क्यांच्या पुढे गेल्यास अनेकांत तंतूही मागे हटतात. ८० किलोच्या व्यक्तीसाठी हा आकडा ४ ते ८ किलोंचा आहे. तो वर्षभरात हळूहळू गाठावा. आठवड्यात किमान १५० मिनिटे झपाझप चालावे.

जैन आचारातील कित्येक नियम यकृताला अनुकूल आहेत. मद्यत्याग हा त्यातील पहिला. लग्नसमारंभात आणि व्यवसायाच्या बैठकांत ‘थोडीशी’ म्हणून शिरू पाहणारी सवय घरातील ज्येष्ठांनी डोळ्याआड करू नये. यकृताच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण हितकर नाही. दुसरा नियम उकळलेल्या पाण्याचा. अ आणि ई प्रकारची कावीळ दूषित पाण्यातून पसरते आणि पाणी खळखळून उकळले की तिचे विषाणू नष्ट होतात. गरोदर स्त्रीला ई प्रकारची कावीळ जीवघेणी ठरू शकते, म्हणून पावसाळ्यात हा नियम घरातील सर्वांनी पाळावा. तिसरा नियम चौविहाराचा. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले की रात्रभर पचनसंस्थेला विश्रांती मिळते. मात्र संध्याकाळी पाच वाजता घाईघाईने तळलेले भरपेट खाऊन पुन्हा गादीवर बसणे, यात नियमाचे अक्षर सांभाळले जाते, लाभ हरवतो. आयंबिलाचे साधे, तूप-तेल-साखरविरहित अन्न ही संयमाची उत्तम शाळा आहे. तिची आठवण वर्षातून दोनदा येणाऱ्या नऊ दिवसांपुरतीच राहू नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि यकृतकाठिण्य झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. रक्तातील साखर अकस्मात घसरू शकते. यकृतकाठिण्यात दीर्घ उपाशी राहिल्याने स्नायू झिजतात. तपश्चर्येचा भाव मोठा आहेच, पण देह सांभाळून केलेले तप अधिक काळ टिकते. पारण्याच्या दिवशी शिरा आणि मिठाईचा मारा तर सर्वांनीच टाळावा.

धान्य व तेलबियांच्या व्यापाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणावी. ओलसर साठवणुकीत शेंगदाणे, मका यांवर येणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९७४ साली राजस्थान-गुजरात सीमेवरील आदिवासी खेड्यांत बुरशी लागलेला मका खाऊन यकृतविकाराची साथ आली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. भाजल्याने हे विष पूर्ण नष्ट होत नाही. बुरशीचा माल स्वस्तात काढून टाकणे हा केवळ व्यापाराचा प्रश्न राहत नाही, तो अहिंसेचाही ठरतो.

औषधांबाबत तोच विवेक हवा. पॅरासिटामॉलही प्रमाणाबाहेर घेतल्यास यकृताला घातक असते. ‘लिव्हर टॉनिक’ वा काढे डॉक्टरांना न सांगता महिनोन्महिने घेऊ नयेत. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद तज्ज्ञांचा आहे. वाचकाने एवढेच करावे की, जे जे घेतो ते ते डॉक्टरांना सांगावे.

ब प्रकारच्या काविळीवर लस आहे. बाळाला ती जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळावी. ज्यांनी घेतली नाही अशा प्रौढांनाही ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. नवजात बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही टिकली आणि शी पांढुरकी होऊ लागली, तर ‘उन्हात धरा, जाईल’ म्हणत दिवस घालवू नयेत. पित्तनलिका बंद असल्यास शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत झाली तर यशाची शक्यता अधिक असते. प्रौढांत डोळे पिवळे होणे, पोट वा पाय सुजणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, भ्रमिष्टपणा यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घरच्या हातातील उपाय

पन्नास-साठ वर्षांपूर्वी बालके ज्या रोगाने जात होती, त्याचे कारण घरात सर्वांच्या नजरेसमोर, चुलीवर होते. दोष कुळाचा नव्हता, आईच्या दुधाचा तर मुळीच नव्हता. आईने अत्यंत मायेने तापविलेल्या दुधातूनच तो येत होता, आणि हे कळल्यावर त्याच आयांनी भांडी बदलून तो घालविला. आजचे मेदयुक्त यकृतही असेच घरातूनच येते, प्रेमाने वाढलेल्या ताटातून आणि आग्रहाच्या चौथ्या लाडवातून. त्याचा उपायही घरच्याच हातात आहे.

दिवाळीला व्यापारी जुनी वही मिटून नवी उघडतो, बाकी काढतो, येणे-देणे तपासतो. त्याच दिवसांत घरातील प्रत्येकाच्या कमरेचे माप, रक्तातील साखर आणि एसजीओटी-एसजीपीटी यांची एक ओळही वहीच्या शेवटच्या पानावर लिहावी. आणि जमले तर माळ्यावरून उतरविलेल्या पितळी पातेल्याच्या आत एकदा डोकावून पाहावे की कल्हई शाबूत आहे ना.